गेलेल्या मुलांचा रकाना

“गाव करील ते राव काय करील” असे आपल्यात म्हणतात, आणि “सात सुगरणी, भाजी अळणी” असेही आपल्यातच म्हणतात. ह्या दोन्ही म्हणी आम्ही बालपणी एकाच आजीच्या तोंडून ऐकल्या; त्या परस्परांविरुद्ध जातात हे तिच्या कधी ध्यानात आले नाही. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मनुष्यास दोहोंचा प्रत्यय सारखाच येतो. दिवाळीच्या फराळाला चार जावा बसल्या म्हणजे दोनशे करंज्या गप्पांच्या ओघात होऊन जातात. आणि त्याच घरात एखादे दिवशी आमटीत मीठ कोणीच घालीत नाही, कारण प्रत्येकीस वाटते की ते दुसरीने घातले असेल. माणसे तीच, चूलही तीच. मग गावाचे बळ केव्हा येते आणि भाजी अळणी केव्हा होते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

आम्हांस तो प्रश्न स्वयंपाकघरात पडला नाही. तो पडला पैठण तालुक्यातील एका जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तोही उतारवयात, जेव्हा आपणांस आता नवे काही शिकावयाचे उरले नाही अशी मनुष्याची समजूत झालेली असते.

शाळा आणि मुले ह्यांच्यासंबंधी जे संशोधन केवळ ग्रंथासाठी नव्हे, तर उद्याच्या वर्गात उपयोगी पडावे म्हणून केले जाते, ते एकट्यादुकट्याचे काम नव्हे. रसायनशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेचे दार लावून घेऊ शकतो. शाळेचे दार लावता येत नाही. तेथे चाचणी कशी असावी हे जाणणारा पंडित लागतो, आकडे मांडणारा गणिती लागतो, वर्ग चालविणारे गुरुजी लागतात, मुलांत मांडी घालून बसणारी व त्यांचे वाचन ऐकणारी एखादी ताई लागते, आणि मुलाला सकाळी अंघोळ घालून शाळेत धाडणारी आईही लागते. ह्या प्रत्येकापाशी सत्याचा एकेक तुकडा असतो. मौज अशी की, पंडितापाशी जो तुकडा असतो तो पुस्तकात सापडतो. ताईपाशी आणि आईपाशी जो असतो तो दुसरीकडे कोठेही सापडत नाही. तथापि बैठकीत खुर्ची मिळते ती पंडिताला.

इसवी सन २०१३ ची गोष्ट. आम्ही शहरातील एका शाळेत गणित शिकवून नुकतेच निवृत्त झालो होतो. आमच्या शहरास तेव्हा औरंगाबाद म्हणत. छत्रपती संभाजीनगर हे नाव त्यास २०२३ मध्ये मिळाले. शहरातील एका संस्थेने ग्रामीण शाळांतील तिसरी-चौथीच्या मुलांना वाचनाचा विशेष सराव देण्याचा एक प्रयोग हाती घेतला होता, आणि त्या सरावाचा गुण येतो की नाही हे पाहण्यासाठी एक मंडळ नेमले होते. मंडळात दोन प्राध्यापक होते, चार शाळांचे गुरुजी होते, आकडेमोडीसाठी आम्ही होतो, आणि प्रत्येक गावातली एक याप्रमाणे चार तरुण सेविका होत्या. सेविकांना अल्पसे मानधन मिळे. दररोज शाळा सुटण्यापूर्वी एक तास मुलांना जवळ घेऊन त्यांच्याकडून अक्षरे, शब्द, लहान उतारे आणि मग गोष्टी वाचून घ्यावयाच्या, हे त्यांचे काम. ऑगस्टात एक चाचणी, जानेवारीत दुसरी, आणि दोहोंच्या सरासरीतील अंतर म्हणजे प्रयोगाचे फळ, अशी सरळ योजना ठरली. तक्ते आम्हीच आखले. मुलाचे नाव, इयत्ता, मुलगा की मुलगी, वाचनाची पायरी, तारीख, असे त्यात पाच रकाने होते. तक्ता सुबक झाला होता, आणि आम्हांस त्याचा थोडा अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

जानेवारी उजाडला. चाचण्या झाल्या, कागद आमच्याकडे आले, आम्ही दोन रात्री जागून बेरजा केल्या. चारही शाळांत सरासरी वाढली होती, आणि एका शाळेत तर इतकी वाढली होती की आम्ही ती तीन वेळा तपासली. रविवारी शहरात बैठक भरली. ज्येष्ठ प्राध्यापकांनी तक्ता पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. अहवाल कोठे धाडावा, कोणास बोलवावे, पुढील वर्षी चार शाळांच्या चाळीस शाळा कशा कराव्यात, ह्यावर बोलणे रंगले. सेविका भिंतीकडेच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांतील एक, ज्या गावाची सरासरी सर्वांत अधिक वाढली होती त्याच गावची, बारावीपर्यंत शिकलेली मुलगी, चहाचा पेला हातात तसाच धरून म्हणाली, “पण सर, ती पोरं तर कारखान्याला गेलीत ना.”

बोलण्याच्या ओघात कोणाचे लक्ष गेले नाही. आमचे गेले. आम्ही तिच्याकडे वळून, शाळेत पस्तीस वर्षे ज्या स्वरात मुलांना गप्प बसविले त्याच स्वरात म्हणालो, “ते नंतर पाहू, बाई. आधी हे होऊ द्या.” ती गप्प बसली.

हे वाक्य आज लिहितानाही आम्हांस संकोच वाटतो. तिला गप्प करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला नव्हता. तो आम्ही परस्पर घेतला, आणि तेवढ्याने त्या खोलीत जमलेल्या सर्वांच्या ज्ञानाचा मुख्य भाग बाहेर ठेवला.

त्याच संध्याकाळी घरी काही पाहुणे जेवावयास यावयाचे होते. त्यांतील निम्मे आले नाहीत. रात्री आम्ही सहज म्हणालो, “आज पोळ्या बऱ्याच उरल्या. कणीक जास्त भिजवली होतीत वाटते?” सूनबाई ओट्यावरून फडके फिरवीत म्हणाली, “कणीक रोजच्याच हिशोबाची होती, बाबा. जेवणारी माणसे कमी झाली.” ती सहज बोलली. आम्ही मात्र पाटावरून उठून तक्त्याकडे गेलो.

वाचकांच्या सहज ध्यानी यावे म्हणून येथे सोपे, मनाने योजलेले आकडे घेतो. वर्गात तीस मुले आहेत असे समजा. ज्याला काहीच वाचता येत नाही त्यास शून्य, अक्षरे येतात त्यास १, शब्द येतात त्यास २, उतारा येतो त्यास ३, गोष्ट येते त्यास ४, अशा पायऱ्या धरल्या. ऑगस्टात सर्वांची बेरीज ५४ भरली, म्हणजे सरासरी १.८. जानेवारीत वीसच मुले हजर होती. त्यांची बेरीज ५०, म्हणजे सरासरी २.५. पाहणारा म्हणेल, वा! पाऊण पायरी चढली की! परंतु जी दहा मुले दिसत नाहीत त्यांची ऑगस्टातील बेरीज अवघी ९ होती. ती वजा केली तर उरलेल्या वीस मुलांची ऑगस्टातील बेरीज ४५, म्हणजे सरासरी २.२५. तेव्हा खरी चढण पाव पायरीची. बाकीची वाढ शिकविल्याने झालेली नाही. जी मागे होती ती मुले निघून गेल्याने झालेली आहे. वर्गातील कच्ची मुले उठून गेली तर न शिकविताही वर्ग हुशार होतो!

दुसऱ्याच दिवशी आम्ही सकाळच्या एस.टी.ने त्या गावी गेलो. शाळेच्या ओट्यावर गुरुजी, ती सेविका आणि आम्ही असे तिघे हजेरीपट उघडून बसलो. पैठण, बीड, जालना ह्या भागांतील पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, हे आम्हांस वर्तमानपत्रातून ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि ध्यानात येणे ह्यांत अंतर आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत एक कोयता, पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील कारखान्याच्या फडावर जाते आणि पाडव्याच्या आगेमागे परतते. पाठीमागे सांभाळणारे कोणी नसले की मुले बरोबर जातात. तेथे ती कोपीत राहतात, धाकटी भावंडे सांभाळतात, वाढे गोळा करतात. हजेरीपटावर त्यांचे नाव कायम असते. वर्गातली त्यांची जागा तेवढी रिकामी असते.

सेविकेने पिशवीतून एक चाळीस पानी वही काढली. तीत कोणते मूल कोणत्या दिवशी, कोणाच्या टोळीबरोबर, कोणत्या कारखान्यास गेले, बरोबर कोण कोण गेले, हे सारे तिने दिवाळीपासून लिहून ठेविले होते. आम्ही विचारले, “हे आम्हांस आधी का कळविले नाहीत?” तिने आमच्याच तक्त्याची एक प्रत पुढे केली आणि म्हणाली, “ह्यात कुठं लिहायचं होतं, सर?”

खरेच, रकाना नव्हता. पाच रकाने आम्ही आखले होते. सहावा, ‘मूल आज कोठे आहे’ हा, आम्हांस सुचला नव्हता. आणि सुचणार कोठून? तक्ता आखावयास आम्ही आणि प्राध्यापक बसलो होतो. जिला सहावा रकाना सुचला असता तिला केवळ तो भरण्यासाठी बोलाविले होते.

पुढील बैठक सुखाची झाली नाही. ज्येष्ठ प्राध्यापक प्रथम रागावले. आकडेमोड करणाऱ्याने आकडेमोडच करावी असेही एक वाक्य त्यांच्या तोंडून गेले. पण ते मूळचे सज्जन. सेविकेची वही त्यांनी घरी नेली, रात्रभर वाचली, आणि दोन दिवसांनी स्वतःच अहवालात नवे, लहान आकडे घालण्यास सांगितले. त्याचे जे व्हावयाचे ते झाले. पाव पायरीच्या प्रगतीवर पैसा लावण्यास कोणी पुढे आले नाही, पुढील वर्षाची मंजुरी मिळाली नाही, आणि चारही सेविकांचे मानधन थांबले. खरे बोलण्याचा तोटा आम्हांस झाला नाही. आमचे निवृत्तिवेतन चालूच होते. तो झाला जी खरे बोलली तिला. ह्या हिशोबाची फेड आमच्याकडून आजपावेतो झालेली नाही.

त्या मुलीने मात्र एक गोष्ट केली. आम्ही अहवालाच्या मागे असता तिने विचारले, “पाडव्याला पोरं परत आल्यावर त्यांची चाचणी कोण घेणार?” मंडळ तर तोपर्यंत मोडलेले होते. २०१४ च्या एप्रिलात लोकसभेच्या निवडणुकीचे काम गुरुजींच्या मागे लागले होते. तरीही त्यांनी आणि तिने मिळून, परतलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन, ओसरीवर बसून चाचणी घेतली आणि कागद टपालाने आमच्याकडे धाडले. बहुतेक मुले ऑगस्टात होती तेथेच होती. काही एक पायरी खाली उतरली होती. आमच्या प्रयोगातील सर्वांत मोलाची माहिती ती हीच, आणि ती विनामोबदला मिळाली.

ह्यानंतर आम्ही, चुकलेला विद्यार्थी जसा मागून पुस्तक उघडतो तसे, आपल्याकडील अशा कामांचे इतिहास वाचू लागलो. तेव्हा असे दिसले की, ज्यांचे काम टिकले त्यांनी ही गोष्ट आरंभीच ओळखली होती.

ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. ताराबाईंचा माँटेसोरी पद्धतीचा अभ्यास दांडगा होता. पण गरिबांची मुले बालवाडीच्या सुंदर खोलीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी मुलांस दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे, त्याचे मूळ हे. पुढे १९५७ मध्ये त्या आदिवासी भागात कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तेथील मुले गुरे राखावयास जात. तर शाळा गुरांमागे कुरणात गेली आणि ती कुरणशाळा झाली. येथे विदुषी एक आणि मुलांत वावरणारी दुसरी असा भेद राहिला नाही. दोघीही मुलांत वावरल्या, आणि जे दिसले त्याप्रमाणे सिद्धान्तास मुरड घातली. शाळेत न आलेले मूल हे त्यांच्या प्रयोगाचे वैगुण्य नव्हते. तेच त्यांचे शिक्षक होते.

दुसरे उदाहरण मुंबईचे. १९९५ च्या सुमारास तेथे ‘प्रथम’ ही संस्था उभी राहिली, डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे ही तिच्या संस्थापकांतील नावे. महापालिकेच्या शाळांतील तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांस वस्तीतील एखादी तरुण मुलगी दररोज सुमारे दोन तास वेगळी शिकवी. तिला ‘बालसखी’ म्हणत. ह्याचा गुण कितपत येतो हे मुंबईत आणि बडोद्यास २००१ ते २००३ ह्या काळात तपासण्यात आले. तपासणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ होते. ह्याच दोघांना, मायकेल क्रेमर ह्यांच्यासह, २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जींच्या मातोश्री निर्मलाबाई ह्या स्वतः अर्थशास्त्रज्ञ, आणि माहेरच्या पाटणकर, तेव्हा त्या पारितोषिकात आपलाही थोडा वाटा आहे असे मानावयास हरकत नसावी! २००७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि बालसखीमुळे मुले खरोखर पुढे जातात, त्यातही जी सर्वांत मागे होती ती अधिक पुढे जातात, असे त्यांनी दाखविले. आमची नजर मात्र निबंधातील एका साध्या गोष्टीवर खिळली. चाचणीच्या दिवशी जी मुले गैरहजर असत, त्यांच्यासाठी चाचणी घेणारे पुनःपुन्हा शाळेत जात. तरीही न सापडणाऱ्यांस घरी शोधून काढीत आणि शाळेबाहेर चाचणी घेत. जगन्मान्य विद्वानांनी जे आधीच जाणून केले, तेच एका बारावी झालेल्या मुलीने, कोणी न सांगता, पैठण तालुक्यात केले होते. उणीव होती ती मध्ये बसलेल्या आमच्यासारख्यांत.

ह्याच ‘प्रथम’च्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ह्या नावाने ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी होऊ लागली. तीत प्रत्येक जिल्ह्यातील तीस गावे आणि प्रत्येक गावातील वीस घरे निवडण्याची पद्धत पडली. स्थानिक महाविद्यालयांतील विद्यार्थी व संस्थांचे कार्यकर्ते दोघादोघांच्या जोडीने गावात जातात, गावकऱ्यांच्या मदतीने प्रथम गावाचा नकाशा काढतात, आणि मग घरोघर जाऊन एकेका मुलापुढे वाचनाचा कागद ठेवतात. चाचणी शाळेत न घेता घरी का, तर शाळेत गेले असता केवळ आलेलीच मुले भेटतात. पाचवीतील साधारण निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील मजकूर नीट वाचता येतो, ही गोष्ट वर्षानुवर्षे देशापुढे आली ती ह्या घरोघरच्या पायपिटीतून. आणि काही गावे पुन्हा तपासून जोडीने भरलेला कागद खरा की खोटा हे पाहण्याची व्यवस्थाही तीत आहे. सहकार्य म्हणजे केवळ परस्परांवरील विश्वास नव्हे. आपला कागद दुसऱ्याने तपासला तर राग न येणे, हेही त्यात येते.

तिसरे उदाहरण तर आमच्या अंगणातले. छत्रपती संभाजीनगराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पैठण तालुक्यातच पाचोड हे गाव आहे. तेथे डॉ. अशोक दयालचंद ह्यांच्या नेतृत्वाखाली आरोग्यव्यवस्थापनाची एक संस्था पुष्कळ वर्षे ग्रामीण स्त्रिया व मुली ह्यांच्यासाठी काम करीत आली आहे. शाळा सुटलेल्या, शेतात वा घरात राबणाऱ्या किशोरवयीन मुलींचे विवाह फार लवकर होतात, आणि पुढे कोवळ्या वयात बाळंतपणे येतात, हे तेथील प्रत्यक्ष दुखणे होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले आणि १९७८ पासून ते १८ झाले. परंतु कायद्याचे वय आणि मांडवातले वय ह्यांची गाठ पडत नव्हती. संस्थेने १९९८-९९ च्या सुमारास अशा मुलींसाठी वर्षभराचा एक अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्याचे पाच दिवस, दररोज संध्याकाळी एक तास, असे एकूण २२५ तास. आरोग्य, आहार, बालसंगोपन, गावचा कारभार, बँक आणि टपाल कचेरी, बोलणे आणि निर्णय घेणे, असे त्यातील विषय. शिकविणाऱ्या कोण? शहरातून आणलेल्या पदवीधर नव्हेत. त्याच गावातल्या, निदान सातवी झालेल्या स्त्रिया. आणि काय शिकवावे हे ठरविताना मुलींच्या आईबापांचे म्हणणे घेतलेले होते.

वर्ग नसलेली गावे तुलनेसाठी बाजूस ठेविली होती, म्हणून स्वतःची फसगत होण्यास वाव थोडा राहिला. अमेरिकेतील ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ ह्या संस्थेच्या सहकार्याने झालेल्या मूल्यमापनाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये त्या भागातील मुलींच्या विवाहाचे मध्यक वय, म्हणजे निम्म्या मुलींचे लग्न ज्याच्या आत आणि निम्म्यांचे ज्याच्या नंतर होते ते वय, १६ होते. २००१ मध्ये ते १७ झाले. तुलनेच्या गावांतील मुलींचा विवाह अठराच्या आत होण्याचा संभव वर्गातील मुलींच्या सुमारे चौपट आढळला. एक वर्ष म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. ज्या घरांत मुलगी पदवीपर्यंत शिकणारच हे गृहीत असते, तेथे एका वर्षाची किंमत कळणे कठीणच. परंतु सोळाव्या वर्षी थांबलेले लग्न म्हणजे दहावीचा निकाल हाती पडणे. आणि तो हाती पडला की पुढचे बोलणे निराळ्या सुरात होते.

आम्हांस ह्यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, डॉक्टर, परदेशी संख्याशास्त्रज्ञ, सातवी झालेली शिक्षिका आणि मुलीचा बाप अशी चार टोकांची माणसे एका कामात होती, आणि त्यांतील शेवटच्या दोघांस आधी विचारले गेले होते. बापाला न विचारता मुलीला संध्याकाळी घराबाहेर बोलाविले असते, तर वर्ग दोन दिवसही चालता ना. जो नडू शकतो त्यास सामील करून घेणे हे नुसते सौजन्य नव्हे. कामाची ती पहिली अट आहे.

आता आजीच्या दोन म्हणींकडे वळतो. सात सुगरणींची भाजी अळणी होते ती सुगरणी सात आहेत म्हणून नव्हे. मीठ घातले की नाही हे विचारणे प्रत्येकीस आपल्या मानास कमी वाटते, आणि भाजी चाखून पाहणारी धाकटी जाऊ बोलावयास भिते, म्हणून ती अळणी होते. ज्या घरात धाकटीने “मीठ नाही” म्हटले तर मोठी रागावत नाही, त्या घरात सातजणींचा स्वयंपाक सातपट चांगला होतो. शाळेतील शोधाचेही असेच आहे. मुलाच्या सर्वांत जवळ बसणाऱ्याचा शब्द मंडळाच्या प्रमुखापर्यंत अडथळ्यावाचून पोचतो की नाही, हीच त्या मंडळाची खरी परीक्षा.

अनुभवाने पोळल्यावर आम्ही स्वतःपुरते काही नियम केले, आणि त्यानंतर ज्या दोनतीन कामांत हात घातला त्यांत ते पाळले. तक्ता आखताना सेविकेस आणि गुरुजींस बरोबर घ्यावे, आणि शेवटी एक मोकळा रकाना ठेवावा, ज्यात तक्त्यात न मावणारी गोष्ट लिहिता येईल. बैठकीत प्रथम बोलण्याचा मान मुलांत बसणाऱ्यांचा; प्रमुखाने शेवटी बोलावे, कारण तो आधी बोलला की बाकीचे त्याच्याच सुरात बोलतात. जे मूल कमी झाले त्याचे नाव पुसू नये. ते कोठे गेले हे लिहावे, आणि परतल्यावर त्यास भेटावे. मुलाच्या वाट्याचा तास आपल्या चाचण्यांत खर्च करू नये. तो तास त्याचा आहे, आपला नव्हे. निकाल लागल्यावर तो गावात परत नेऊन आईबापांस त्यांच्या भाषेत सांगावा. ज्यांची मुले आपण मोजली त्यांस मोजमाप कळण्याचा हक्क आहे. अहवालावर सर्वांची नावे असावीत, चाचणी घेणाऱ्या मुलीचेही. आणि मानधनाची व्यवस्था अशी असावी की, निकाल मनाजोगा आला नाही म्हणून कोणाचे पोट अडू नये. हा शेवटचा नियम आमच्या हाती कधीच पुरता आला नाही. पण लिहून ठेविला आहे.

हे सारे आम्ही एका कौटुंबिक मासिकात का लिहितो, असे कोणी विचारील. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ घरांत कोणी शिक्षक आहे, कोणी प्राध्यापक, कोणी निवृत्त अधिकारी. आणि एखाद्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर बसण्याचा योग अशांस हटकून येतो. त्या खुर्चीवरून खोलीतील भिंतीकडेचा बाक दिसत नाही, असा आमचा अनुभव आहे. पैठण ही नाथांची भूमी. दुपारच्या तापल्या वाळवंटात चुकलेले पोर नाथांनी कडेवर घेतले, ही कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती सांगताना आपण सोवळ्याओवळ्याचे बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण नाथांच्या आधी अनेकजण त्याच वाटेने स्नानास गेले असतील, आणि त्यांस ते पोर दिसलेच नसेल, ह्याचाही विचार करावा.

ऊसतोडीस जाणाऱ्यांची मुले गावातच राहावीत म्हणून सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे; कोठे ती बरी चालते, कोठे नावापुरती. दिवाळी झाली की आम्ही आजही त्या गावी एक फेरी टाकतो. हजेरीपट पाहतो, आणि कोण कोठे गेले ते विचारतो. ती सेविका आता दोन मुलांची आई आहे आणि गावातच शिकवण्या घेते. गेल्या खेपेस तिने नवी वही दाखविली. तीत रकाने तिने स्वतः आखले आहेत, आणि पहिलाच रकाना आहे, ‘आज कुठं आहे.’